तेरा काश्यांची शेवंती

“तेरा दिल्या होत्या,” आप्पा म्हणाले.

“अकरा होत्या,” मी म्हणालो.

“जावईबापू, मी मोजून दिल्यात.”

“आणि मी मोजून लावल्यात.”

आप्पा म्हणजे माझे सासरे, पांगारवाडीचे केरबा रासकर. आषाढातली दुपार होती. लोणंदला वीज मंडळाच्या चाळीत आमच्या खोलीपुढे एक मुरमाड तुकडा होता. त्याच्या कडेला आप्पा उकिडवे बसले होते आणि एकेका रोपाला बोट लावून चौथ्यांदा मोजत होते. चौथ्यांदाही अकराच भरली. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू उरलेल्या दोन रोपांची मी भाजी करून खाल्ली असावी.

माझी बायको विमल दारात उभी होती. ती म्हणाली, “आप्पा, ऱ्हाऊ द्या की. दोन इकडं तिकडं.”

“दोन इकडं तिकडं?” आप्पा म्हणाले. “तुझ्या दोन भावांना मी जत्रंत इकडं तिकडं केलं असतं तर चाललं असतं का?”

दोन्ही भावांशी विमलचं तेव्हा पटत नव्हतं, त्यामुळे ती काही बोलली नाही.

शेवंतीच्या बुडातून जी नवी रोपटी फुटतात त्यांना काश्या म्हणतात. त्या उपटून लावल्या की पुढच्या वर्षाची शेवंती तयार. रासकरांची शेवंती आप्पांच्या आजोबांपासून अशीच एका वर्षातून दुसऱ्या वर्षात आली होती. फूल रुपयाएवढं, वरून हळदीसारखं पिवळं, पाकळीची पाठ तांबूस, आणि चुरगळलं की कापराचा वास. आजोबांनी ती कुठून आणली हे आप्पा दर वेळी वेगळं सांगायचे. एक गोष्ट मात्र कधी बदलायची नाही. चंपाषष्ठीला पांगारवाडीच्या खंडोबाला पहिली माळ चढते ती याच शेवंतीची, आणि ती चढवण्याचा मान रासकरांचा. ज्या वर्षी ही माळ चुकेल त्या वर्षी मान गावातल्याच झगडे घराण्याकडे जाणार, आणि गेलेला मान परत येत नसतो. झगड्यांच्या बबनची शेवंती बाजारी, पांढरी, बशीएवढी. त्यानं त्या दिवसासाठी नवा फेटाही घेऊन ठेवलाय, असं आप्पांच्या कानावर आलं होतं.

बबनला आशा वाटायला कारण होतं. कालव्याचं पाणी आलं तसा माझ्या मेव्हण्यांनी रानात ऊस लावला. रान चिबडलं आणि शेवंतीची मुळं कुजली. आप्पांनी बांधावरच्या तेरा काश्या वाचवल्या, घमेल्यात घातल्या, एसटीत मांडीवर धरून आणल्या आणि आमच्या ओट्यावर ठेवल्या. साऱ्या सोयऱ्यांत पाणी न धरणारी जमीन तेवढी माझ्याच दारात होती. नाहीतर आप्पांनी मला रोप सोडा, पालापाचोळाही दिला नसता. माळ्याच्या पोटी जन्मून मी वायरमन झालो, हे लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यांना पचलं नव्हतं.

“तार काय, वढली की येती,” ते म्हणायचे. “झाड वढून येत न्हाई.”

आम्हाला तेव्हा मूल नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही आप्पांची जुनी रीत. त्यामुळे ते दर पंधरवड्याला यायचे, चाळीच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायचे, स्वतःच्या फडक्यातली भाकरी ओट्यावर बसून खायचे आणि पाचच्या एसटीनं परत जायचे. ओटा मंडळाचा आहे, लेकीचा नाही, असा त्यांचा न्याय होता. पाचनंतर ते कधी थांबले नाहीत.

श्रावणात ते शेंडे खुडायला आले. इतके दिवस मी जिवापाड वाढवलेले शेंडे ते पटापट मोडायला लागले तेव्हा मी मध्ये हात घातला.

“आप्पा, अहो, आत्ता कुठं वाढायला लागली होती.”

“खुडल्याबगर फांदी फुटत न्हाई,” आप्पा म्हणाले. “मानसाचं बी तसंच हाय. काईंना बारीकपणी कुणी खुडतच न्हाई.” हे बोलताना ते माझ्याकडे का बघत होते ते मी विचारलं नाही.

आता दाणी सरांविषयी. दाणी सर म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. तीन पिढ्यांना त्यांनी ‘खरे बोलावे, चोरी करू नये’ हे फळ्यावर लिहून दिलं होतं. रोज पहाटे ते फिरायला निघायचे. अंगात स्वेटर, एका हातात नायलॉनची पिशवी आणि दुसऱ्यात आकडी लावलेली काठी. कुंपणाबाहेरून फांदी ओढायची, फूल पिशवीत टाकायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. कोणी हटकलं तर सर शांतपणे म्हणायचे, “देवासाठी नेतोय.” त्यावर काय बोलणार? हटकणाऱ्यालाच पाप केल्यासारखं वाटायचं. गौरी-गणपतीत त्यांनी आमची जास्वंद अशी साफ केली, की विमलला गणपतीसाठी लाल फूल विकत आणावं लागलं.

“शेवंतीला कळी दिसायचा अवकाश,” विमल म्हणाली, “ह्यो मानूस मुळासकट न्हेईल. कायतरी करा. आप्पांचा मान जाईल हो.”

आणि मी केलं. मी वायरमन होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी विद्या सासऱ्यांच्या कामी येणार होती. दसऱ्याच्या दिवशी शेवंतीच्या मधोमध लोखंडी पाइप रोवला, वर पत्र्याची टोपी बसवली आणि त्यात दोनशे वॅटचा बल्ब लावला. संध्याकाळी दिवेलागणीला बटण दाबलं तेव्हा चाळ बाहेर आली. उजेड असा पडला की पानावरची मुंगी दिसावी. मी ठरवून टाकलं, हा दिवा उगवतीपर्यंत जळणार. बिल आलं तर येऊ दे.

दिव्याचा गुण आठ दिवसांत दिसला. दाणी सर आमच्या कुंपणाकडे बघायचेसुद्धा बंद झाले. चाळीतल्या बायका संध्याकाळी तांदूळ निवडायला शेवंतीपाशी बसायला लागल्या. मीटर रीडर कांबळेंनी कॅरम आणून मांडला. त्याहून कहर म्हणजे खुद्द दाणी सर रोज सात वाजता घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि आमच्या उजेडात पेपर वाचायचे. त्यांच्या घरी व्होल्टेज कमी होतं. चोराला पकडायला लावलेल्या दिव्याखाली चोर अग्रलेख वाचत होता, आणि विमल त्याला चहा देत होती.

शेवंती अशी माजली की बघत राहावं. मांडीपर्यंत उंच, हिरवीगार, पान तळहाताएवढं. दिवाळी झाली. बाजारात शेवंतीच्या पाट्याच्या पाट्या उतरायला लागल्या. आमच्याकडे पानं.

“उशिराचं वाण असंल,” मी म्हणालो.

“तुमाला काय ठावं?” विमल म्हणाली. “मी त्यातच वाढलेय. भाऊबीजेला कळी दिसती.”

भाऊबीज होऊन दहा दिवस झाले होते.

आप्पांचा गुडघा धरला होता म्हणून महिनाभर ते आले नव्हते. आले ते त्रिपुरी पौर्णिमेच्या दुपारी. चंपाषष्ठीला बरोबर तीन आठवडे उरले होते. त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं आणि वाफ्यात शिरले. एक शेंडा वाकवून पाहिला. दुसरा पाहिला. अकराच्या अकरा झाडं त्यांनी पान न् पान उलटून पाहिली. मग ते तिथंच मुरमावर बसले.

“खत काय घातलंत?”

“तुम्ही सांगितलं तेवढंच. शेणखत.”

“पानी?”

“आठवड्यातून दोनदा.”

“मग कळी कुठंय?”

मी विमलकडे पाहिलं. विमल म्हणाली, “आप्पा, दाणी सर न्हेत असतील. बारीक असतानाच.”

“कळ्या?” आप्पा म्हणाले. “कळ्या कोन चोरतं? देवाला कळ्याची भाजी वाहायची हाय का?”

ते बसून राहिले. पाचची एसटी गेली तरी उठले नाहीत. मी दोनदा आठवण केली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सहा वाजले, अंधारलं आणि सवयीनं मी बटण दाबलं. उजेडात आप्पा दचकले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

“ह्ये काय?”

“राखण आहे, आप्पा. दसऱ्यापासून लावलाय. रात्रभर चालू असतो.”

आप्पांनी बल्बकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. “ह्ये मातर झ्याक केलंत,” ते म्हणाले. सासऱ्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. मला गहिवरून आलं.

एवढ्यात खुर्ची घेऊन दाणी सर आले. आप्पा ताडकन उठले, गुडघा विसरून.

“मास्तर, माझ्या कळ्या द्या.”

कॅरम थांबला. तांदूळ थांबले. सरांनी खुर्ची उघडली, बसले, चष्मा पुसला. “कोणत्या कळ्या?”

“ह्या झाडांच्या. तुमी गावभर फुलं खुडता म्हनं.”

“देवासाठी,” सर म्हणाले. “पण या वाफ्याला मी दसऱ्यापासून हात लावलेला नाही. कसा लावणार? इथे सुई पडली तरी दिसते.” मग ते जरा थांबले. वाकून त्यांनी एक फांदी पाहिली, वर दिव्याकडे पाहिलं, पुन्हा फांदीकडे पाहिलं. “बोराटे, हा दिवा तुम्ही कधी मालवता?”

“सूर्य उगवला की.”

“अरेरे,” सर म्हणाले.

“का? काय झालं?” मी विचारलं.

“चौदा वर्षं मी पहाटे या गावातून फिरतो,” सर सांगू लागले. “कुठल्या घरी काय कधी फुलतं हे मला तोंडपाठ आहे. पेठेत शिंप्याचं घर आहे ना, रस्त्याच्या दिव्याखाली? त्याच्या शेवंतीला दिव्याकडच्या अंगाला कळी नसते. भिंतीच्या सावलीतल्या अंगाला फुलं मावत नाहीत. दरवर्षी हेच. म्हणून मी नेहमी भिंतीकडूनच खुडतो. शेवंतीला रात्र लागते, बोराटे. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळी धरते. तुम्ही तिला दसऱ्यापासून रात्रच होऊ दिली नाहीत. तिला अजून भाद्रपदच वाटतोय.”

मी जाऊन बटण बंद केलं. अंधारात कांबळे म्हणाले, “राणी माझ्या नंबरावर होती.”

“आता कळी यील का?” आप्पांचा आवाज आला.

“येईल. फूल संक्रांतीच्या सुमाराला.”

“संक्रांतीला,” आप्पा म्हणाले.

ते ओट्यावर जाऊन बसले. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. मी जवळ गेलो. कितीतरी खांबांवर चढलो, कितीतरी घरांत उजेड आणला, पण त्या रात्रीइतकी माझ्या विद्येची लाज मला कधी वाटली नाही.

“माझ्या बापानं दुष्काळात हंड्यानं पानी घातलं,” आप्पा म्हणाले. “बाहत्तर साली मी घातलं. माळ चुकली न्हाई. आन आता पानी हाय, खत हाय, लाईट हाय.” त्यांनी मुंडासं झटकलं. मग म्हणाले, “तुमचा दोस न्हाई. मीच झ्याक म्हनलो की.”

हे त्यांनी बोलायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पेठेत खांबावर होतो. पट्टा बांधून दोन तारा जोडणारा जंपर बदलत होतो, तेव्हा खालून हाक आली.

“बोराटे, खाली या. खासगी बोलायचं आहे.”

दाणी सर होते. छत्री घेऊन, ऊन नसताना.

“सर, अर्धं काम झालंय. तुम्हीच बोला.”

सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तोंडाला हात लावून काहीतरी कुजबुजले.

“ऐकू येत नाही, सर.”

पुन्हा कुजबुजले.

“मोठ्यानं बोला.”

“तेराच होत्या,” सर ओरडले.

शिंप्यानं मशीन थांबवून डोकं बाहेर काढलं. “काय तेरा, सर?”

“तुम्ही शिवा हो,” सर म्हणाले. मग वर बघून, जेवढं कमी ओरडता येईल तेवढं ओरडत त्यांनी सांगितलं ते असं. आषाढात ज्या दिवशी आप्पांनी घमेलं आमच्या ओट्यावर ठेवलं, त्याच्या दुसऱ्या पहाटे सर नेहमीप्रमाणे आले. कुंपणावर एकही फूल नव्हतं. रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना जमत नाही. ओटा तीन पावलांवर होता. त्यांनी घमेल्यातल्या दोन काश्या उचलल्या. मी उठून लावायला घेतल्या तेव्हा अकराच उरल्या होत्या. म्हणजे आप्पा आणि मी, दोघंही चार महिने खरंच बोलत होतो.

“त्या दोन कुठं आहेत?” मी विचारलं. पक्कड माझ्या हातून सुटली आणि सरांच्या छत्रीवर पडली. ऊन नसताना छत्री का आणली होती ते मला तेव्हा कळलं.

“माझ्या परसात. भिंतीआड. तिथे एक दिवा नाही. दोन्ही झाडं कळ्यांनी वाकली आहेत. चंपाषष्ठीपर्यंत पुरती उमलतील.”

“मग द्या की आप्पांना.”

सरांचा चेहरा पडला. “मी दिली तर मी चोर ठरतो, बोराटे. रोप चोरलं म्हणून. फुलाची गोष्ट वेगळी असते. आणि आमच्या सौभाग्यवतीला, माईला, मी सांगितलंय की जुन्या विद्यार्थ्यानं रोपं भेट दिली. त्यापेक्षा असं करा. चंपाषष्ठीला पहाटे पाचला या. माई तेव्हा देवघरात असते. मी माझ्या फेरीवर असेन. फाटकाला कडी नसेल. तुम्ही न्या.”

“म्हणजे चोरून?”

“देवासाठी,” सर म्हणाले.

आप्पांना हे सांगणं सोपं नव्हतं. पुढच्या खेपेला मी त्यांना सरांच्या परसामागच्या बोळातून नेलं. भिंतीवरून वाकलेली एक फांदी होती. आप्पांनी अर्धी उमललेली एक कळी चुरगळली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

“तेरा,” ते म्हणाले. त्यानंतर सरांना उद्देशून जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

“आप्पा, आपण सरळ जाऊन मागू. ते नाही म्हणायचे नाहीत.”

“मागू?” आप्पा म्हणाले. “मी? चोराच्या दारात, माझ्याच फुलासाठी हात पसरू? त्यापरीस चोरलेली बरी.”

अशा रीतीनं एकाला देण्याची लाज आणि दुसऱ्याला मागण्याची, म्हणून चंपाषष्ठीच्या पहाटे वीज मंडळाचा एक कर्मचारी आणि त्याचा सत्तरीचा सासरा हातात ओलं फडकं आणि परडी घेऊन हेडमास्तरांच्या फाटकातून वाकून आत शिरले. आदल्या रात्री आप्पा आमच्या ओट्यावर झोपले होते. मंडळाच्या.

झुंजूमुंजू होत होतं. दोन झाडांवर पान दिसत नव्हतं, एवढी फुलं. आप्पांच्या हाताला डोळे असावेत. पुरती उमललेली तेवढी खुडत होते, कळीला धक्का नाही. परडी निम्मी भरली आणि ते थांबले.

“बुडाला माती न्हाई,” ते म्हणाले.

“आप्पा, चला.”

“काश्या उघड्या पडल्यात. पुढल्या साली फुटायच्या न्हाईत.”

“आप्पा, आपण चोर आहोत.”

पण आप्पांनी परडी खाली ठेवली होती. कोपऱ्यातलं खुरपं उचलून त्यांनी माती मोकळी केली, बुडाशी ओढली, वाळकी पानं काढली. वाकलेल्या फांदीला आधार हवा म्हणून सरांच्या फाटकाचीच एक कामटी उपसली. मी हातापाया पडत होतो. एवढ्यात मागचं दार उघडलं आणि कंदील घेऊन सरांच्या माई बाहेर आल्या.

“कोण आहे तिकडे?”

मी भिंतीला चिकटलो. आप्पा खुरपं हातात घेऊन उभे राहिले. उभा जन्म ज्यांनी फुलचोरांच्या मागे दगड घेऊन धाव घेतली, त्या आप्पांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “देवासाठी न्हेतोय.”

माईंनी कंदील वर केला. परडी पाहिली, भुसभुशीत केलेली माती पाहिली, बांधलेली कामटी पाहिली.

“चोर कधी खुरपणी करत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मालक दिसताय.”

आप्पांनी मान खाली घातली.

“आषाढात पिशवीतून दोन रोपं आणली ह्यांनी. विद्यार्थ्यानं दिली म्हणे. ज्याला हे पहाटे साडेपाचला भेटतात असा विद्यार्थी कुठला? मी तेव्हाच म्हटलं, मालक कधीतरी येतील. फक्त उजेडी येतील असं वाटलं होतं. चहा टाकते, आत या.”

आणि ज्यांनी माझ्या घरी तीन वर्षांत घोटभर पाणी घेतलं नव्हतं, ते आप्पा चोराच्या माजघरात पाटावर बसून बशीनं चहा प्यायले. दोनदा. मी बघतोय हे पाहून म्हणाले, “ही काय माझी लेक न्हाई.”

दुसरा कप संपत आला तेव्हा दाणी सर फेरीवरून परत आले. पाटावरचे आप्पा, शेजारची भरलेली परडी आणि माईंचा चेहरा पाहून त्यांचे पाय दारातच थबकले. हातातली पिशवी त्यांनी पाठीमागे नेली.

“काय आणलंत?” माईंनी विचारलं.

सरांनी पिशवी पुढे केली. आत आमची जास्वंद होती. चार फुलं. दिवा बंद होऊन तीन आठवडे झाले होते ना.

साडेसहाची पहिली एसटी आम्ही पकडली. विमलनं वाटेतच माळ ओवली. पांगारवाडीच्या देवळात बबन झगडे नवा फेटा बांधून, बशीएवढ्या फुलांचा हार घेऊन पायरीवर उभाच होता. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माळ चढली आणि भंडाऱ्याच्या वासात कापराचा वास मिसळला. गुरवानं विचारलं, “केरबा, रान तर चिबडलं तुमचं. ही कुठली?”

मला वाटलं, आता सगळं निघणार. आप्पा म्हणाले, “जावयानं आनली.”

त्यात खोटं काही नव्हतं. तरी देवळात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि ते भंडाऱ्यामुळे, असं मी विमलला सांगितलं.

आमच्या अकरा झाडांना संक्रांतीला फुलं आली. चाळीतल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटली, तरी सरेनात. पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली आणि आप्पांनी आमच्या घरचं पाणी घेतलं. मग ते आठ आठ दिवस मुक्काम ठोकायला लागले आणि मला पाचच्या एसटीची फार आठवण यायला लागली.

त्या आषाढात काश्या लावताना आप्पांनी अकरा वाफ्यात लावल्या आणि दोन ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्याच्या कडेला ठेवल्या.

“ह्या कशाला?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या तिथं,” ते म्हणाले. “आन आत चला. दिवा लावू नका.”

सकाळी त्या नव्हत्या.

आता आप्पा नाहीत, दाणी सर नाहीत. मी निवृत्त होऊन पेठेच्या मागे छोटं घर बांधलं, पण ही रीत सोडली नाही. दर आषाढात दोन काश्या ओट्यावर ठेवतो, आणि सकाळपर्यंत त्या जातात. कोण नेतं ते मी बघत नाही.

मागच्या साली पाऊस उघडलाच नाही आणि माझी सगळी शेवंती कुजली. एकही रोप राहिलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या पहाटे मी नायलॉनची पिशवी घेऊन फिरायला निघालो. चौथ्या आळीत एका परसात भिंतीआड ती दिसली. पान चुरगळून पाहिलं. कापूर.

मी परत आलो तेव्हा विमल अंगण झाडत होती. पिशवीतल्या मातीकडे बघून म्हणाली, “या वयात? अहो, दार वाजवून मागायच्या की.”

“आपल्यात तशी पद्धत नाही,” मी म्हणालो, आणि काश्या मोजायला बसलो. तेरा होत्या.